चमचेताईने जे सांगितलं नव्हतं

चमचेताई हे नाव तिला लहान पोरांनी दिलं, आणि मोठ्यांनी ते चावटपणे उचलून धरलं. मुलांच्या हॉस्पिटलातल्या संशोधन विभागाकडून ती घरोघरी जायची, जेवायला बसलेल्या दीड-दोन वर्षांच्या मुलासमोर छोटा कॅमेरा मांडायची आणि पोराने किती चमचे गिळले, किती थुंकले, कोणी भरवलं, भरवताना मोबाइल लावला होता का, हे टिपून घ्यायची. जाताना काट्यावर वजन. लहान मुलं खायला का कुरकुरतात आणि आईबापांनी काय केलं की ती आपणहून खातात, हे त्या विभागाला शोधून काढायचं होतं. "बायको चमचे मोजते आणि मी साहेबांचा चमचा नाही म्हणून माझी बढती अडते," असं तिचा नवरा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. तो लिफ्टा दुरुस्त करायचा. साहेब वगैरे त्याला कोणी नव्हतंच, पण विनोद जमलाय असं त्याला वाटे.

बाई मुळातच भित्री. लहानपणी फोनची घंटा वाजली तरी दचकायची. लग्नानंतर नवरा अंधाऱ्या खड्ड्यात उतरून लोखंडी दोरांशी खेळतो म्हटल्यावर तर तिच्या भीतीला कायमचं घर मिळालं. आधी ती एका बालवाडीत मदतनीस होती. बालवाडी बंद पडली आणि हे काम मिळालं. कामात पोरं होती, म्हणून ती आनंदली. पण या कामात अजून एक भाग होता, आणि तो तिला झेपत नव्हता. लोकांना तयार करायचं. समजावून सांगायचं आणि संमतीची सही घ्यायची.

शिकवताना तिला सगळं नीट सांगितलेलं होतं. अभ्यासात यायचं की नाही ही आईबापांची मर्जी. नाही म्हटलं तरी मुलाच्या औषधपाण्यात फरक पडत नाही. मध्येच सोडता येतं. चित्रण पुसून घेता येतं. हे बोलायचं, मग थांबायचं, समोरच्याने काय ऐकलं ते त्याच्याकडून वदवून घ्यायचं. सुरुवातीला तिने तसंच केलं. पण "नाही म्हणता येतं" असं म्हटलं की लोक खरंच नाही म्हणायचे. ज्या आठवड्यात कोणीच तयार झालं नाही, त्या आठवड्यात तिच्या मनात एकच प्रश्न आला. हेही काम गेलं तर? मग हळूहळू तिची वाक्यं आखडत गेली. तपासणीच्या खोलीबाहेरच्या बाकांवर तापलेली पोरं मांडीवर घेऊन बसलेल्या आयांपाशी ती जायची, गोड हसायची, आणि म्हणायची, "मुलांच्या खाण्याचा अभ्यास आहे, काही टोचायचं-बिचायचं नाही. इथं सही करा, मग आत जाऊ." मग आत जाऊ. त्यात खोटं काही नव्हतं. आत जायचंच होतं, नंबर लागलेलाच होता.

इस्त्रीवालीची सही तिने अशीच घेतली.

ही एका मोठ्या लॉन्ड्रीत कामाला होती. हॉटेलांच्या चादरी गरम रुळांतून काढून घड्या घालायचं काम. नवरा लांब कुठेतरी बोटीवर, वर्षातून एकदा उगवणारा. घरात ती आणि तिची पोरगी. पोरगी पाय फुटल्यापासून एका जागी बसलेली कोणी पाहिली नव्हती, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. त्या दिवशी मात्र भिंगरी तापाने मलूल होती आणि इस्त्रीवालीचं सगळं लक्ष आतल्या दाराकडे होतं. तिने कागदाकडे पाहिलंही नाही. सही केली आणि विचारलं, "आता बघतील ना?"

"बघतील हो," चमचेताई म्हणाली.

मग भेटी सुरू झाल्या. एका खोलीचं घर, ओट्याला लागून खिडकी, खिडकीखाली बसकी खुर्ची, त्या खुर्चीत भिंगरीचं जेवण. पोरगी गोड, पण खाण्याच्या नावाने शिमगाच म्हणायचा. तोंड घट्ट मिटायचं, मान फिरवायची, चमचा हातात घेऊन भिंतीवर वाजवायची. दर वेळी शेवटी वजन. काट्यावरचा आकडा बघायला आई वाकायची.

"कमी भरलं का?"

"थोडंसं. भरेल हो, मुलं अशीच असतात."

आपण धीर दिला असं चमचेताईला वाटायचं. पुढच्या भेटीला पोरीच्या हनुवटीवर बोटांचे लाल वळ दिसले. चमचेताईने पाहिलं, आणि विचारलं नाही. एक तर विचारायचं कसं ते कळेना, आणि त्यात निरीक्षण करणाऱ्याने मध्ये पडू नये असा नियम होता. नियमाच्या आडोशाला उभं राहिलं की भित्र्या माणसाला बरं वाटतं.

मग तो दिवस आला. सकाळची वेळ. चमचेताईने कॅमेरा मांडला, दिवा लागला. वाटीत कुस्करलेलं केळ होतं आणि त्यात भरडलेले शेंगदाणे. "वजन वाढतं म्हणे याने," इस्त्रीवाली म्हणाली. आवाज नेहमीचा नव्हता. पोरीने दोन घास कसेबसे गिळले आणि मग ती तोंड मिटून बसली. आईने तिला खुर्चीतून उचललं, मांडीत आडवं घेतलं, दोन्ही हात आपल्या काखेत दाबले, नाक चिमटीत धरलं. श्वासासाठी तोंड उघडलं की चमचा आत. पुन्हा नाक. पुन्हा चमचा. भिंगरी पाय झाडत होती, रडायला तोंड उघडत होती, आणि रडण्याच्या जागी घास जात होता.

चमचेताई बघत राहिली. ओरडावं असं वाटत होतं, आणि हात मात्र चमचे टिपत होते. हे तिला नंतर फार दिवस सतावत राहिलं.

मग रडण्याचा आवाज तुटला. पोरीचे डोळे मोठे झाले. तोंड उघडं, आणि त्यातून काहीच येईना, ना खोकला, ना श्वास. ओठ निळसर झाले.

बालवाडीत असताना हे एकदा शिकवलं होतं. विचार करायला वेळ मिळाला असता तर तिला जमलंच नसतं. तिने पोरीला आईच्या मांडीतून ओढलं, गुडघ्यावर पालथं घातलं आणि पाठीवर तळहाताने थापा मारल्या. एक, दोन, आणखी. केळाचा लगदा भसकन बाहेर आला. खोकला आला. मग रडणं, असं मोठं रडणं की शेजारच्यांनी भिंतीवर थाप मारली.

इस्त्रीवाली जमिनीवर बसली होती. पोरीला छातीशी धरून ती हलत होती, आणि तिची नजर कॅमेऱ्यावर खिळली होती.

"हे त्यात गेलं?"

चमचेताईने होकाराची मान हलवली.

"पुसा. ताई, पाया पडते, पुसून टाका. तुमच्या मोठ्या मॅडमला दाखवू नका. नेतील हो तिला."

"कोण नेईल?"

"तुमचेच लोक. वजन भरत नाही, आईला जमत नाही, म्हणून काढून घेतील. लॉन्ड्रीतल्या बायका सांगत होत्या. आणि तिथलं औषध बंद करतील. सही केल्याशिवाय आत घेत नाहीत, हे तुम्हीच म्हणालात ना? मग आता..." तिने पोरीला आणखी घट्ट धरलं.

चमचेताईला आता उमजलं. म्हणजे ही बाई इतके दिवस आपल्याला पोलीस समजत होती. आपण वजनाचा काटा काढला की हिला फाशीचा दोर दिसत होता. आणि तो आकडा वाढावा म्हणून हिने पोरीचं नाक दाबलं. खरं काय ते तेव्हाच सांगायला हवं होतं. पण ती "काही होत नाही," एवढंच पुटपुटली आणि सामान गोळा करून निघाली. निघताना पोरगी शांत झाली होती, खुर्चीचा पाय धरून उभी होती, मधूनच खोकत होती. बरी आहे, असं चमचेताईने स्वतःला सांगितलं.

ती थेट नवऱ्याकडे गेली. जवळच्याच एका इमारतीत त्याचं काम चालू होतं. गच्चीवरच्या यंत्राच्या खोलीत तो तेलकट हातांनी डबा उघडून बसला होता. बायकोचा चेहरा बघून त्याने डबा बाजूला ठेवला. तिने सगळं सांगितलं.

"पोरगी बरी आहे ना?"

"हो."

"मग पुसून टाक. तीच म्हणते ना पुसा? तुझंही निभावलं, तिचंही निभावलं."

"आणि मी तिला सांगितलं नव्हतं ते?"

"आता जाऊन सांग. चहा पी, मग सांग." तो हसला नाही. त्यालाही तिची नोकरी हवी होती.

तिने पिशवीतून कॅमेरा काढला. बटणावर बोट ठेवलं. तिला पोरीच्या ओठांचा तो रंग दिसत होता. आपल्याकडे आणखी किती घरं आहेत. त्यांतल्या किती आयांना आपण 'मग आत जाऊ' म्हणालो? आज सकाळी आणखी कोणत्या खोलीत कोणी नाक दाबून बसलं असेल? तिने बोट उचललं.

"मी मोठ्या डॉक्टरबाईंना सांगते," ती म्हणाली. "काढतील मला."

"काढू देत," नवरा म्हणाला. "जिना उतरताना जपून, लिफ्ट बंद ठेवलीय."

मोठ्या डॉक्टरबाई म्हणजे त्या अभ्यासाच्या प्रमुख. बोलायला कडक, ऐकायला बऱ्या. चमचेताईने दारातच सुरुवात केली, सहीपासून. बाई मध्ये बोलल्या नाहीत. चमचेताईने कॅमेरा पुढे केला, तर त्यांनी तो हातात घेतला नाही.

"आई पुसा म्हणाली आहे ना? मग तिला विचारल्याशिवाय मी बघणार नाही. मुलगी कशी आहे?"

"बरी आहे. थोडी खोकत होती."

"घासात काय होतं?"

"केळ आणि शेंगदाणे. भरडलेले."

बाई खुर्चीतून उठल्या. "बारीक की तुकडे?"

"तुकडे होते."

"पाठीवर मारून बाहेर आलं ते केळ. शेंगदाण्याचा तुकडा खाली श्वासनळीत गेला असला तर मूल आधी बरं वाटतं, आणि मग फुप्फुस बंद पडायला लागतं. फोन लावा तिला."

फोन बंद होता. पुन्हा लावला, बंद. आपण गच्चीवर नवऱ्याशी नोकरीचं बोलत बसलो होतो. पोरगी तिकडे...

"तुम्ही जा," बाई म्हणाल्या. "तुम्हाला घर माहीत आहे. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतोय का ऐका. असेल-नसेल, घेऊन या. मी इथे तयारी ठेवते."

घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "पिशवी भरून गेली मघाशी. पोरीला पाठीला बांधून. मी विचारलं कुठे, तर म्हणाली, कोणी आलं तर सांगू नका." तिने चमचेताईकडे वरून खाली पाहिलं. "तुम्हीच का त्या?"

चमचेताई तिथेच पायरीवर बसली. एवढ्या मोठ्या गावात पोर पाठीला बांधून निघालेली बाई कुठे शोधायची? गाडीत बसली असेल तर? गाडीत, माणसांच्या गर्दीत, पाठीवर पोरगी हळूहळू निळी होत गेली तर आईला दिसणार पण नाही. हे मनात आलं तशी ती उठली आणि पळत सुटली. पळायचं कुठे ते तिला रस्त्यावर आल्यावर सुचलं. पगार. कोणी गाव सोडून निघालं तर आधी उरलेला पगार मागायला जाईल.

लॉन्ड्रीत वाफेने समोरचं दिसत नव्हतं. रूळ धडधडत होते, बायका ओरडून बोलत होत्या. चमचेताई कपडे भरलेल्या चाकांच्या पिंपांमधून वाट काढत गेली. मागच्या भिंतीशी, घड्या घातलेल्या चादरींच्या ढिगाआड, इस्त्रीवाली मुकादमाची वाट बघत उभी होती. पोरगी आता पाठीवर नव्हती, कडेवर होती. मान आईच्या खांद्यावर टाकलेली. भिंगरी, आणि हलत नव्हती.

इस्त्रीवालीने तिला पाहिलं आणि मागे सरकली.

"जवळ येऊ नका."

"येत नाही," चमचेताई म्हणाली आणि होती तिथे थांबली. आवाज ऐकायचा होता, पण रुळांच्या धडधडीत काय ऐकू येणार? तिने पोरीच्या गळ्याकडे पाहिलं. प्रत्येक श्वासाला गळ्याखालची खळी आत ओढली जात होती.

"मी एक सांगते, मग तुम्ही ठरवा. मी तुमच्याशी खोटं बोलले नाही, पण खरंही सांगितलं नाही. ती सही केली नसती तरी डॉक्टरांनी भिंगरीला तपासलंच असतं. तिचं औषध त्या सहीवर नव्हतं. तुम्ही नको म्हणू शकत होतात. आजही म्हणू शकता. वजन कमी भरलं म्हणून कोणी मूल नेत नाही. हे मी तेव्हा सांगायचं होतं. मला भीती होती तुम्ही नाही म्हणाल."

"तुम्हाला भीती होती?" इस्त्रीवालीने विचारलं, जणू तिला नीट ऐकूच आलं नव्हतं.

"हो. आणि आता त्याहून जास्त वाटतेय. तिचा श्वास बघा. शेंगदाणा आत अडकलाय असं डॉक्टरबाईंना वाटतंय. माझ्यावर विश्वास ठेवू नका, पण तिच्या छातीला कान लावा."

इस्त्रीवालीने पोरीला खाली चादरींवर निजवलं आणि कान लावला. एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला. उजव्या बाजूला श्वास जवळजवळ ऐकूच येत नव्हता. पगार, पिशवी, काही न बघता ती पोरीला घेऊन दाराकडे धावली, आणि चमचेताई तिच्या मागे.

हॉस्पिटलात घशाचे डॉक्टर वाट बघत होते. एक्स-रे काढला, छाती तपासली. तुकडा उजव्या बाजूला अडकला होता. भूल देऊन, तोंडातून नळी घालून तो काढावा लागणार होता. त्यासाठी आईची संमती हवी होती. परिचारिकेने कागद पुढे केला, पेन दिलं, "इथे सही करा, लगेच आत नेतो," म्हणाली.

पेन इस्त्रीवालीच्या हातात तसंच राहिलं.

"मागच्या वेळी पण असंच म्हणाले होते," ती म्हणाली.

परिचारिकेला काही कळेना. चमचेताईला कळलं, आणि तिला तिथून नाहीसं व्हावंसं वाटलं. काचेपलीकडे पोरीच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा होता, आणि तिची छाती आत-बाहेर होत होती. करा ना सही, बाई. करून टाका. जिभेच्या टोकावर आलं होतं. तिने ओठ दाबून धरले.

घशाचे डॉक्टर बाकावर इस्त्रीवालीच्या शेजारी बसले. "विचारा," ते म्हणाले. "थोडा वेळ आहे. फार नाही, पण आहे."

"नळी कुठून जाणार?"

त्यांनी स्वतःच्या गळ्यावर बोट फिरवून दाखवलं.

"दुखेल?"

"झोपलेली असेल. उठल्यावर घसा दुखेल."

"भुलीतून उठली नाही असं होतं?"

"फार क्वचित. होत नाही असं मी म्हणणार नाही."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर मी तुम्हाला पुन्हा समजवायला बसेन, कारण तुकडा फुगत जातो आणि श्वास कमी होत जातो. मला ते नको आहे. नाही म्हटलं म्हणून कोणी रागावणार नाही, पण वाट बघणं तिच्या जिवावर बेतेल."

इस्त्रीवालीने मान फिरवून चमचेताईकडे पाहिलं. "तुम्ही वाचा. सगळं. एकही ओळ सोडू नका."

चमचेताईने वाचलं. रक्तस्राव, दात हलणं, पुन्हा नळी घालावी लागणं, मृत्यू. तो शब्दही तिने गाळला नाही. आतून यंत्र टिकटिकत होतं, आणि त्या प्रत्येक ओळीगणिक आपण पोरीचा श्वास खर्च करतोय असं तिला वाटत होतं. वाचून झाल्यावर इस्त्रीवालीने सगळं आपल्या शब्दांत डॉक्टरांना सांगून दाखवलं. मग मांडीवर कागद ठेवून सावकाश पूर्ण नावाने सही केली.

दार बंद झालं. दोघी बाकाच्या दोन टोकांना बसल्या. मधून एकदा आतून कोणीतरी घाईने बाहेर आलं आणि काहीतरी घेऊन परत गेलं, तेव्हा इस्त्रीवाली उठून दारापर्यंत गेली आणि परत येऊन बसली. चमचेताईला नवरा खड्ड्यात उतरतो तेव्हा वाटतं तसं वाटत होतं, फक्त त्या वेळी निदान तिचा काही दोष नसायचा.

डॉक्टर बाहेर आले ते हसत नव्हते म्हणून दोघी उठून उभ्या राहिल्या. पण तो त्यांचा स्वभावच होता. "निघाला," ते म्हणाले. "पोरगी रडतेय. जा आत."

इस्त्रीवाली गेली. चमचेताई बाहेरच राहिली आणि भिंतीला कपाळ टेकून रडली.

भिंगरी आठवडाभरात घरी गेली. इस्त्रीवालीने अभ्यास सोडला आणि सगळं चित्रण पुसून घेतलं. मोठ्या डॉक्टरबाईंनी तिला समोर बसवून पुसून दाखवलं आणि माफी मागितली. तिने ऐकून घेतलं, माफ केलं असं काही म्हणाली नाही. पोरीच्या खाण्यासाठी मात्र ती हॉस्पिटलातल्या आहाराचं बघणाऱ्या दुसऱ्या बाईंकडे येत राहिली. तिथे तिला शिकवलं की वाटी समोर ठेवायची आणि आपण आपलं जेवायचं.

चमचेताईला काढलं नाही. मोठ्या डॉक्टरबाईंनी तिला चार शब्द असे सुनावले की ते ती आजही कोणाला सांगत नाही. मग आपल्या सगळ्या घरांत जाऊन पहिल्यापासून सांगायला लावलं. बाईही बरोबर गेल्या. कितीतरी जणांनी सोडलं. एका बापाने तोंडावर दार लावलं. एका आईने विचारलं, "म्हणजे वजन वाढलं नाही तरी चालेल?" आणि हो म्हटल्यावर ती खुर्चीत बसून हसायलाच लागली. तेव्हापासून विभागात कोणाचीही सही मूल तपासून झाल्याशिवाय घेत नाहीत. अभ्यास लांबला. वरचे लोक कुरकुरतात.

चमचेताईची भीती गेली नाही. ती अजूनही घरोघरी जाते, आणि कोणतंही पोर जेवताना खोकलं की पेन खाली ठेवून उभी राहते, नियम असो वा नसो.

मध्यंतरी एकदा तिला रस्त्याच्या पलीकडे इस्त्रीवाली दिसली. हाताला भिंगरी, केस वाढलेले, पाय जमिनीवर ठरत नव्हते. इस्त्रीवालीने तिला पाहिलं की नाही कोण जाणे. हाक मारावी असं चमचेताईला वाटलं, पण मारली नाही. पोरगी चालता चालता बिस्किटाचा मोठा तुकडा तोंडात कोंबत होती. चमचेताई तिथेच थांबली, आणि तो घास पोटात जाईपर्यंत हलली नाही.